आकार तोच राहतो

३ मार्च
आले एकदाची! झिपरी स्टेशनवर उभीच होती. केस अजून तसेच विस्कटलेले, फक्त पांढरे. कॉन्व्हेंटमध्ये आम्ही तिघी एका बाकावर बसायचो: झिपरी, पिटुकली आणि मी, ढब्बी. हे गेल्यापासून मला कुणी ढब्बी म्हटलं नव्हतं. डोळे भरून आले. उल्केने पाडलेल्या खड्ड्याच्या काठावर झिपरीची प्रयोगशाळा आहे. आधी पिटुकली मदतीला होती, ती परदेशी भाचीकडे गेली म्हणे. मेलीने मला एक ओळ लिहू नये? झिपरीने नवी पेन्सिल हातात ठेवली. म्हणाली, अक्षर सुधारेपर्यंत सिस्टर तुला शाई देत नसत, मीही देणार नाही.

६ मार्च
काम आवडलं. दगड कुटून आम्लात घालायचा. सगळं विरघळतं, उरतात ते कणभर हिरे. झिपरी सांगते, उल्का आदळली त्या क्षणी दगडातल्या ग्रॅफाइटचा हिरा झाला, आकार मात्र ग्रॅफाइटच्या पापुद्र्याचाच राहिला. मला कळेना. तेव्हा म्हणाली, ढब्बे, पेन्सिलीतलं शिसं म्हणजे ग्रॅफाइटच की! वर्गातही तुला सगळं दोनदा सांगावं लागायचं. पोट दुखेपर्यंत हसलो.

११ मार्च
खड्ड्याखालच्या बोगद्यातला नवा दगड. गाळणीत केसासारखी वळलेली, लखलखती तार उरली. झिपरी म्हणाली, कसल्या तरी झाडाचं मूळ असेल, तू आधी चष्मा बदल. तार मात्र तिने पटकन स्वतःच्या खिशात टाकली.

१४ मार्च
आज नख निघालं. अंगठ्याचं. हिऱ्याचं. मधोमध उभी चीर.
शाळेत बाकाचं झाकण पडून पिटुकलीचं नख चिरलं होतं. पुढे जन्मभर तसंच चिरलेलं उगवायचं. झाकण झिपरीच्या हातून पडलं होतं. फुंकर मी घातली होती.
जेवताना झिपरीने मायेने आग्रह केला. मीही खाल्लं.

१५ मार्च
विचारलंच. ती रडली. म्हणाली, खाली चल, सगळं दाखवते. शाळेत धरायची तसा हात धरून नेलं. बोगद्यात शिरले आणि — दार बाहेरून लावलं.
वही-पेन्सिल खिशात होती, म्हणून लिहितेय. ती दाराआडून बोलतेय. उल्केचा तो आघात संपलेलाच नाही म्हणे, अधूनमधून माणूस मागतो — नाही दिला तर तिलाच — म्हणून पिटुकली. म्हणून मी. तुझी वाट बघणारं आता कोण आहे, म्हणते —

भिंती तापल्या. कानात दडे. अंगठी बोटात रुततेय —

झिपरे, दार उघड गं —

नखं चमकताहेत

शिसं उमटेना. टोक लखलखतंय, कागद चिर —