आंबिलीचा पहिला घोट

३ जून
आजपासून मी पाणीवाला! लेसोथोतून आल्यापासून चार वर्षं या सोन्याच्या खाणीत दगड ओढले. आता फक्त बाटल्या भरायच्या. तीन किलोमीटर खाली खडकात एक भोक आहे, त्याला तोटी. आतलं कढत पाणी हजारो वर्षं कोंडलेलं, आणि त्यात म्हणे जिवंत किडे, उपाशी पण जिवंत! विद्यापीठवाल्यांना ते हवेत. जोडीदार न्ताते मोखाचाने; आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला न्ताते म्हणतात. मला बघताच म्हणाले, त्सेलिसो, इथल्या उकाड्यात दोनच गोष्टी वितळतात, चरबी आणि फुशारकी. तुझ्यात चरबी तर दिसत नाही. नियम एकच: भोकात बाहेरचं काही जाऊ द्यायचं नाही.

५ जून
बायकोने ज्वारीची आंबील दिली होती. पहिला घोट जमिनीखालच्या पूर्वजांचा, तो घरी मातीत ओततो. त्यांच्या इतक्या जवळ येऊन हात आखडता कसा घ्यायचा? तोटी काढून झाकणभर आंबील भोकात सोडली. न्ताते पाठमोरे होते.

९ जून
तोटी तुंबली. पांढरं, चिकट, तारेसारखं काहीतरी येतंय. न्तातेंनी विचारलं, काही टाकलंस का? मी नाही म्हणालो. हसून म्हणाले, तू म्हणजे अगदी धुतल्या तांदळासारखा! मग पाणी स्वच्छच आहे म्हणत हातमोजा काढला आणि बोट आत घातलं. मी बघत राहिलो. लाज वाटते माझी मला.

१४ जून
न्ताते चार माणसांचं जेवतात आणि वाळत चाललेत. डॉक्टरांनी मला विचारलं, भोकात काही पडलं होतं का, कळलं तर इलाज शोधता येईल. पुन्हा नाही म्हणालो. नोकरी जाईल म्हणून. एका माणसाच्या जिवापुढे—

१७ जून
बोटापासून कोपरापर्यंत, कातडीखाली पांढऱ्या तारा. हलतात.

१८ जून
सांगितलं. डॉक्टर म्हणाले, चार दिवस आधी बोलला असतास तर—
न्ताते रागावलेही नाहीत. म्हणाले, वेड्या, आपली माणसं डोंगरात पुरलीत, आपल्या मातीत. इतक्या खाली आपलं कोणीच नाही रे. मग तू जेवू कुणाला घातलंस?

१९ जून
न्ताते गेले. शेवटी हात पुढे केला होता. नर्सने हातमोजे दिले. मी घातले नाहीत. एवढं तरी—

२० जून
सकाळपासून चौथ्यांदा जेवलो. बायको येतेय, तिला कळवा, मला हात लावू—