बुजवलेला तलाव

प्रिय थॅडियस,

नायला मजेत आहे. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं न वाचताच फोन फिरवशील. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरीला माझ्याकडे सोडताना तू एकच अट घातलीस: पाण्याजवळ न्यायचं नाही. मी नेलं नाही रे. तरी जे झालं ते झालंच.

रविवारी चर्च सुटल्यावर सगळं खानदान पार्कात जमलं होतं. रोस्कोकाका शेगडीवर बरगड्या भाजत होता आणि आई नेहमीसारखी त्याच्या मसाल्याला नावं ठेवत होती. बाजूलाच ती लांबट चौकोनी हिरवळ. लहानपणी चेंडू तिच्यात गेला तर आपण तो कडेवरूनच काठीनं ओढायचो. पाय टाकायचो नाही. का, ते कुणी शिकवलं नव्हतं. त्या गवताखाली गोऱ्यांचा पोहण्याचा तलाव आहे, हे फार उशिरा कळलं आपल्याला. तिथं काळ्या पोरांना बंदी, म्हणून आजीचा भाऊ लुशस नदीवर पोहायला गेला तो परत आलाच नाही. पुढे कोर्ट म्हणालं, सगळ्यांना पोहू द्या. तर आपल्याला आत घेण्यापेक्षा गावानं तलावात ट्रकच्या ट्रक माती ओतली. अजूनही भर दुष्काळात तेवढाच तुकडा हिरवागार असतो.

नायलाला यातलं काहीच ठाऊक नाही. ती कडेला गेली, बूट काढून नीट जोडीनं ठेवले, गाल फुगवून श्वास कोंडला आणि आत चालू लागली. हातांनी काहीतरी जड बाजूला सारत, सावकाश. मध्यावर थांबली आणि वर बघत राहिली. रोस्कोकाका हसला, "अगं ए, गवत आहे ते! मगर नाय चावणार!" पण चिमटा हातात धरून जागचा हलेना. आई किंचाळली, "बाहेर ये! आधी बाहेर ये!" 'बाहेर' म्हणे, थॅडी! भर उन्हात, उघड्या मैदानात! पोरीचे ओठ निळे पडत होते आणि आम्ही सगळी मोठी माणसं कडेला उभी. एकाचं पाऊल पुढे पडेना. माझंही.

शेवटी ती एकटीच पलीकडच्या कडेनं बाहेर आली, धापा टाकत. मी वळसा घालून धावले. तर मला म्हणते कशी, "आत्या, खालून तुम्ही सगळे केवढे लांब दिसत होतात. कुणीच का नाही आलं?"

घरी येताना आईला म्हटलं, पोरीला पोहायला शिकवूया. आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आपल्या रक्तात नाही ते." जणू देवानंच तसं घडवलंय आपल्याला.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू नाही म्हणाला असतास आणि मी ऐकलं असतं. पत्र पोचायला आठवडा जाईल. तोवर आम्ही दोघी पाण्यात उतरलेल्या असू. तिला शिकायची हौस आहे. मला हौसबिऊस काही नाही, नुसती भीती आहे. पण ती पुन्हा कधी आत गेली, तर मागून जाणारं कुणीतरी हवं.

तुझीच भित्री बहीण,
केझाया