धुतलेला रुपया

मी, जागेश्वर सोमाजी सेलोकर, वय त्रेपन्न, व्यवसाय विनाअनुदानित शाळेत संस्कृत शिकवणे, म्हणजे जवळपास धर्मार्थ, राहणार पवनी, जिल्हा भंडारा, लिहून ठेवतो की माझ्या हृदयाची एक झडप निकामी असली तरी डोके जागेवर आहे. कोणाचा धाक वा आग्रह नाही. याआधी मृत्युपत्र केलेले नाही. पुन्हा करण्याइतका अवधी डॉक्टरांनी दिलेला नाही.

मिळकत थोडी आहे. लिहिण्याचे खरे कारण, माझी पत्नी शकुन हिच्यावर घरच्यांनी ठेवलेला ठपका. मी गेल्यावर तो पुसणारा कोणी उरणार नाही.

१. पवनीतील राहते घर शकुनचे. मागच्या खोलीची कौले माझा धाकटा भाऊ वीरेंद्र फेरून देईल. दोन पावसाळ्यांपासून तो 'उद्या' म्हणतो आहे.

२. बँकेत जे उरले असेल ते शकुनचे.

३. माझी एकशे बारा नाणी मुलगी हर्षा हिला. बेटा, नाणे कडेने धर, बोट चेहऱ्यावर टेकवू नकोस. राजाच्या कानावरचे केस आधी झिजतात, तिथे भिंग लाव. चेहरा ठळक पण केस सपाट, ते 'फाइन'. मुख्य बटा दिसतात ते 'व्हेरी फाइन'. फक्त उंचवट्यांवर जराशी झीज, ते 'एक्स्ट्रीमली फाइन'. टाकसाळीतून निघून कोणाच्याच खिशात न फिरलेले, ते 'अनसर्क्युलेटेड'. पायरीगणिक किंमत दुप्पट-तिप्पट होते; शेवटच्या पायरीला तर विचारू नकोस. चांदीवरचा काळसर थर म्हणजे मळ नव्हे, तो नाण्याचा दाखला. तो घासून काढला की नाणे कितीही चमको, त्याला कुठलीच पायरी नाही.

४. कोश व व्याकरणाची पुस्तके शाळेला. शेजारी धनीराम शिंपी यांनी बावीस वर्षे माझे सदरे आखूड शिवले; तो राग आज सोडतो.

५. विल्यम राजाचा १८३५ सालचा रुपया. २००९ साली मोहाडीच्या बाजारात एका म्हाताऱ्या सोनाराकडून घेतला. काळाभोर होता, पण केसांची बट न् बट शाबूत. परक्या हातची चांदी देवघरात न्यायची तर राख आणि आंबट लावून शुद्ध करावी, असे मी वर्गात शिकवत होतो. त्याच संध्याकाळी, घरात कोणी नसताना, चिंचेचा कोळ आणि चुलीतली राख घेऊन मी तो स्वतः घासला. आरशासारखा झाला. तीन वर्षांनी नागपूरच्या नाणेप्रदर्शनात एका जाणकाराने भिंगाखाली ओरखडे पाहून विचारले, "गुरुजी, हा कोन्या गाढवानं घासला?" मी म्हणालो, "माहीत नाही." घरी येऊन मात्र सांगितले, दोन लाखांचा आहे. संस्कृतच्या मास्तराला गावात एवढाच मान उरला होता.

२०२२च्या धनतेरसला शकुनने पूजेची चांदी घासताना तोही घासला. यंदा मे महिन्यात ऑपरेशनला दीड लाख कमी पडले, तेव्हा मी आणि वीरेंद्र रुपया घेऊन नागपूरला गेलो. व्यापारी म्हणाला, "धुतलेला आहे. पाच हजार." घरी परतताच वीरेंद्र दारातूनच ओरडला, "वहिनी, तुमाले कोनं सांगतलं होतं घासाले? दादाचा जीव धुवून टाकला तुमी!"

"मले का मालूम जी? पूजेची चांदी दरसाली घासतोच न आपन." मग माझ्याकडे पाहून शकुन म्हणाली, "तुमी काहून नाई बोलत?"

मी पाणी मागितले.

पैसे जमेपर्यंत सप्टेंबर आला आणि डॉक्टर म्हणाले, आता हृदयाला ऑपरेशन झेपणार नाही. तेव्हापासून वीरेंद्र तिच्या हातचा चहा घेत नाही. तिने भाजीत चिंच घालणे सोडले. या दिवाळीला पूजेची चांदी बाहेर काढलीच नाही.

सबब जाहीर करतो की, रुपया मी खराब केला, शकुनने हात लावण्याच्या तेरा वर्षे आधी, आणि समजल्यावर लपवला. तिचा काडीइतकाही दोष नाही. ऑपरेशन राहिले त्याचा बोल मला लागावा. रुपया शकुनचा, विकावा, वितळवावा की वैनगंगेत टाकावा, तिची मर्जी.

६. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील सांगतात. म्हणून वीरेंद्रला काही न देता साक्षीदार केले आहे. सही करण्यापूर्वी त्याने कलम पाच शकुनसमोर, माझ्या देखत, मोठ्याने वाचावे. तेरवीला पंगत बसण्याआधी पुन्हा वाचावे. क्षमा मी मागत नाही. मरणाऱ्याने मागितली की नाही म्हणण्याची सोय राहत नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि सहा महिने उशिरा का होईना, खरा लिहिला.

स्थळ : पवनी
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५
सही : जागेश्वर सोमाजी सेलोकर

साक्षीदार :
१) धनीराम, शिंपी, पवनी (सही)
२) वीरेंद्र सोमाजी सेलोकर (सही)
कलम पाच वहिनींना वाचून दाखवले. त्या उठून आत गेल्या. दादाने दोनदा हाक मारली. आल्या नाहीत.