आमच्यात सुतक नाही

बजाजनगर, औरंगाबाद
दि. १८ नोव्हेंबर १९९३

ती. बाबांस,
सुगंधाचा सा. न. आणि प्रभूच्या नावानं सलाम.

जेवता का? खरं सांगा. आई जाऊन आज तेरा दिवस झाले आणि तुम्ही एकट्यासाठी चूल पेटवत असाल असं मला वाटत नाही.

इथं एक भानगड झाली आहे. आईच्या मातीला आले ती नऊ दिवस तुमच्याजवळ राहिले. परत कंपनीत गेले तर नानासाहेबांनी, म्हणजे आमच्या कामगार अधिकाऱ्यांनी, हातात नोटीस ठेवली. विनापरवाना गैरहजर. एक तारखेपर्यंत माफीनामा लिहून दिला नाही तर गेट बंद.

आमच्या कंपनीत पद्धत अशी की घरात कुणी वारलं, तर बाईनं नुसता निरोप धाडायचा. दहावा होईपर्यंत पगारी रजा. तिच्या वाटच्या इंजेक्शनच्या बाटल्या आम्ही बाकीच्या जणी दिव्यापुढं धरून तपासतो. नऊ वर्षांत मी कितीतरी जणींचं काम असं ओढलं. मीही तसाच निरोप धाडला होता. पण नानासाहेब म्हणाले, की तुम्हा ख्रिस्ती लोकांत सुतक नसतं, मग रजा कसली? मातीचा एक दिवस पुष्कळ होता.

आणि बाबा, हे त्यांना मीच शिकवलं! दोन वर्षांमागं आमच्या आवडाबाईची सासू वारली, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, की आमच्यात विटाळ नाही, सुतक नाही, आमचं माणूस प्रभूजवळ जातं. तुम्ही शिकवलेली विश्वासाची साक्ष. साहेब शेजारच्या टेबलावर जेवत होते. माझंच वाक्य त्यांनी मला परत वाढलं.

माफी मागायची नाही असं माझ्या मनात आहे. तुमचं काय मत ते लिहा. लोभ आहेच, भाकरीवरही थोडा ठेवा.

तुमची,
सुगंधा


मिशन कंपाउंड, जालना
दि. २२ नोव्हेंबर १९९३

चि. सौ. सुगंधास,
फकिरा मास्तरांचे अनेक आशीर्वाद.

जेवतो. शेजारची लक्ष्मीबाई भाकरी आणून देते आणि संपेपर्यंत उंबऱ्यात बसून राहते. तिच्यापुढं माझं काही चालत नाही.

नाकाच्या शेंड्यावरचा राग तू आईकडून, सारजाकडून घेतलास. माझ्याकडून नुसतं मोठं कपाळ. पण पोरी, पाण्यात राहून माशाशी वैर परवडत नाही. जावईबापूंचा कारखाना बंद पडलेला, घर तुझ्यावर. मी निजामाचा अंमल बघितला, पोलीस ॲक्शनची धामधूम बघितली. दोन्ही वेळा एकच विद्या कामाला आली, मान खाली घालून पुढं निघून जायचं.

माफी मागायची नसेल तर दुसरी वाट आहे. पाळकसाहेबांचा दाखला सोबत जोडला आहे. ख्रिस्ती रीतीप्रमाणे जवळच्या माणसाचं दहा दिवस सुतक पाळतात, असं त्यात लिहून दिलं आहे. असा नियम आपल्या मंडळीत नाही हे त्यांनाही ठाऊक आणि मलाही. पण साहेबाला कागद लागतो, तो दे आणि मोकळी हो.

नातवंडांना पापे. रागावू नकोस, आणि रागावलीस तरी पत्र टाक.

तुझे,
बाबा


बजाजनगर
दि. २५ नोव्हेंबर १९९३

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

दाखला परत पाठवते. पाळकसाहेबांना माझा सलाम सांगा आणि सांगा, की सुगंधाला खोटं सुतक नको. असा कागद मी दिला तर साहेबांचंच खरं ठरतं. म्हणजे सुतक असलं तरच माणसाला आई होती, नाहीतर नव्हती! मला सुतक नाही बाबा, मला दुःख आहे. त्याला पाळकाची सही कशाला?

लिहायला बसलेच आहे तर सगळंच लिहिते. आईची पेटी खाली सोडताना माझा हुंदका फुटला, तेव्हा तुम्ही माझा दंड दाबलात. कानाशी म्हणालात, की लोक बघताहेत, आपली साक्ष जाईल. मी गप्प झाले आणि सगळ्यांबरोबर गीत गायले. घरीसुद्धा नऊ दिवस आपण दोघं एकमेकांसमोर कोरड्या डोळ्यांनी बसलो. नानासाहेबांनी तरी तुमच्याहून वेगळं काय केलं?

तुमचे जावई म्हणतात, की नोकरी गेली तर भाड्याची रिक्षा चालवतील, पण सही करायची नाही. माझं ठरलं आहे.

उद्धटपणाबद्दल कान धरा, पण माया आटू देऊ नका.

सुगंधा


जालना
दि. २८ नोव्हेंबर १९९३

चि. सुगंधास,
आशीर्वाद.

पत्र वाचून आधी संताप आला. बापाला असं लिहितात? दुपारची भाकरी तशीच राहिली. मग खुंटीवर सारजाचं लुगडं होतं, धुवायचं राहिलेलं, ते काढायला उठलो आणि ते हातात धरून लहान लेकरासारखा रडलो. दार उघडं होतं. लक्ष्मीबाईनं बघितलं. बघू दे.

चाळीस वर्षं मी लोकांच्या मयतीत रडणाऱ्यांना गप्प केलं आणि त्याला विश्वास म्हणालो. प्रभू स्वतः मित्राच्या थडग्यापाशी रडला, हे रविवारच्या शाळेत मीच शिकवायचो. माझं चुकलं, पोरी. तुझा दंड दाबायला नको होता.

सही करू नकोस. दाखला मी फाडला. साहेबांनी विचारलं तर सांग, की माझ्या म्हाताऱ्या बापाला गरज होती म्हणून राहिले. हवं तर त्यांनी मला विचारावं. गेट बंद झालं तर लेकरांना घेऊन इकडं ये, लक्ष्मीबाई सगळ्यांना भाकरी घालील.

तुझा,
बाबा


बजाजनगर
दि. ४ डिसेंबर १९९३

ती. बाबांस,
सा. न. आणि पोटभर सलाम.

एक तारखेला माफीनाम्याच्या कागदावर मी लिहिलं, की माझी आई वारली, मी शोक करायला गेले होते, त्याची माफी मागणार नाही. खाली ठळक सही. नानासाहेब चिडून म्हणाले, की मग तुमच्यात सुतक असतं असं पाळकाकडून आणा. मी सांगितलं, की तसा कागद आला होता, खोटा होता, माझ्या बापानं फाडला. त्याच दुपारी गेट बंद झालं.

दोन दिवस मी रोज पाळीच्या वेळेला डबा घेऊन गेटाबाहेर बसले. वॉचमनला लाज वाटायची, तो दुसरीकडं बघायचा. काल सकाळी आवडाबाई आत नानासाहेबांपुढं उभी राहिली आणि म्हणाली, की माझ्या सासूच्या टायमाला हिनं दहा दिस माझं काम ओढलं, आई मेल्यावर लेकराचं काळीज काय धर्म इचारून तुटतं व्हय? आमची सगळी पाळी तिच्यामागं उभी राहिली. दिवे चालू आणि बाटल्या तशाच पडलेल्या. दुपारपर्यंत कुणी बाटली उचलली नाही. शेवटी मोठ्या साहेबांचा फोन आला आणि वॉचमन मला बोलवायला धावत आला.

नानासाहेबांनी नोटीस मागं घेतली, दहा दिवस रजा धरली. अर्ज त्यांनीच भरून ठेवला होता. कारणाच्या जागी 'सुतक' लिहिलेलं. म्हणाले, की आमच्याकडं हाच शब्द चालतो, एवढं चालवून घ्या आणि विषय संपवा. आवडाबाईनंही डोळ्यांनी खुणावलं, की कर सही.

मी तो शब्द खोडला आणि वर लिहिलं, 'आई वारली'. साहेबांनी कागद पुढं ओढून वाचला. मग त्यांनी सही केली.

आणि बाबा, मग मी तिथंच, त्यांच्या टेबलापुढं उभी राहून मोठ्यानं रडले. पदर तोंडाला लावला नाही.

नाताळाला येते. दोघं मिळून आईच्या मातीवर जाऊ. तोवर माया जपून ठेवा.

तुमची आणि सारजाची,
सुगंधा