प्रवरेकाठची समुद्राची घोंगडी

मी, चांगुणा सहादेव कडलग, वय पंचेचाळीस, अविवाहित, धंदा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणे, राहणार संगमनेर, जिल्हा अहमदनगर, हे मृत्युपत्र कोणी भरीस घातले म्हणून नव्हे, तर आपल्या मर्जीने लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात पुण्याला माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, "काळजीचं कारण नाही." पण हे म्हणताना ते माझ्याकडे न बघता कागदाकडे बघत होते. तेव्हा लिहून ठेवलेले बरे. बुद्धी शाबूत आहे, असे लिहायची रीत आहे. ती आहे, असे मला वाटते. गल्लीत काहींना तसे वाटत नाही, त्याचे कारण तिसऱ्या कलमात येईल.

१. शेतजमिनीवरचा हक्क मी पूर्वीच माझा थोरला भाऊ आसाराम याच्या नावे सोडला आहे. आता त्याला वडिलांचे खिशातले घड्याळ द्यावे. ते मागे पडते. त्याने ते दुरुस्त करून घ्यावे. "आबांच्या वेळेपासून असंच हाय," असे म्हणून चालवून नेऊ नये.

२. पोस्टातली शिल्लक पुतणी मालन हिच्या शिक्षणासाठी आहे, लग्नासाठी नाही. सायकलही तिलाच. माझ्या रोजनिश्या कोणी वाचू नयेत असे नाही, पण वाचून काही मिळणार नाही. त्यांत बहुतेक पाण्याचे तापमान आणि मी स्वतःशी घातलेले वाद आहेत.

३. आता घर. ते त्याच्या पुढच्या खोलीतल्या टाकीपासून वेगळे करता येत नाही, म्हणून दोन्ही एकाच कलमात घेते.

टाकीत एक समुद्रपुष्प आहे. नाव फुलाचे असले तरी हा प्राणी आहे. कॉलेजच्या सहलीत रत्नागिरीला ओहोटीच्या वाळूत एका कोळणीच्या टोपलीखाली तो दबलेला सापडला. बरणी मांडीवर घेऊन मी एसटीने आले. तेव्हा बशीएवढा होता. आज पूर्वेच्या खिडकीतून ऊन आले की परातीएवढा पसरतो. कडेला चुण्या पडतात, आणि सगळ्या अंगावर आखूड तंतूंची दाट लव दिसते. शास्त्राच्या पुस्तकात त्याला गालिचा म्हटले आहे. गल्लीने त्याला घोंगडी म्हटले. मला गल्लीचे नाव जास्त बरोबर वाटते. इतकी वर्षे रोज बघूनही सकाळी तो उघडताना मी चहा हातात धरून उभी राहते आणि चहा निवतो. ज्याला डोके नाही, डोळे नाहीत, त्याला ऊन कोणत्या बाजूने येते ते कळते, याची मला अजून सवय झालेली नाही.

समुद्राचे पाणी नूरुद्दीन आणतो. तो ट्रकने रत्नागिरीला कांदा नेतो आणि येताना काचेचे बुधले भरून आणतो. पत्र्याचा डबा चालत नाही, हे त्याला एकदाच सांगावे लागले. वीज जाते तेव्हा टाकीत हवा सोडायला त्यानेच ट्रकची जुनी ट्यूब दिली. ती फुगवून ठेवायची आणि तोंडाला बारीक नळी लावून चिमट्याने आवळायची, म्हणजे बुडबुडे हळूहळू येत राहतात. त्याला माझा रेडिओ द्यावा. ट्यूब टाकीजवळच राहील.

गेले वर्ष दुष्काळाचे गेले. टाकीतले पाणी उन्हाने उडते, मीठ मात्र मागे राहते. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची, रोज एक तांब्या. नळावर शेजारची लंकाबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "मान्साला घोटभर न्हाई, आन बाईंची घोंगडी तांब्या तांब्या पिती!" ती खरे बोलत होती. तो तांब्या मी माझ्या आंघोळीतून काढत होते. पण दुष्काळात आंघोळीचे पाणी तरी माझे कसे, हा प्रश्न रोजनिशीत अनेकदा आला आहे. मग एके दिवशी लंकाबाई भांडायलाच घरात आली. टाकीसमोर उभी राहिली. वाकून काचेला नाक लावून बघत राहिली. शेवटी म्हणाली, "या बया! ही तर श्वास घेती." दुसऱ्या दिवशी तिने एक तांब्या आणून ठेवला आणि बजावले, "रोज न्हाई हां. आज दिला."

४. वारस कोण, हे ठरवताना मी फार खल केला. गेल्या राखीपौर्णिमेला आसाराम आणि राहीवहिनी आले होते. वहिनींनी कोणाकडून ऐकले की त्या दिवशी समुद्राला नारळ देतात. घरात समुद्र आहे आणि पूजा नाही, हे त्यांना बरे वाटले नाही. मी स्वयंपाकघरात असताना त्यांनी टाकीत हळदकुंकू वाहिले, फुले सोडली, नारळ सोडला. मी बाहेर आले तेव्हा घोंगडी मुठीएवढी झाली होती आणि पाणी तांबडेपिवळे.

"दर्या कोपला व्हय, वन्सं?" वहिनी म्हणाल्या.

मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. आसाराम "चल गावाकडं" म्हणत उठला, पण वहिनी उठल्या नाहीत. "मी बिघडवलंय, मीच नीट करनार," म्हणाल्या. रबरी नळीने घाण पाणी काढले, बुधल्यातले नवे घातले, आणि रोज सकाळी टाकीपुढे बसून राहिल्या. घोंगडी पुन्हा पसरली तेव्हा त्यांनी हात जोडले, पण पाण्याला बोट लावले नाही. मला धाप लागू लागल्यापासून त्या माझ्याकडेच आहेत. त्या आता पाणी चाखून खारटपणा सांगतात. मी पाण्यात तरंगणाऱ्या काचेच्या काट्याने मोजते. आमचे बहुधा जुळते.

म्हणून घर राहीबाई आसाराम कडलग यांच्या एकट्यांच्या नावे करते. घोंगडी जिवंत आहे तोवर टाकी हलवू नये. आसाराम हे ऐकून म्हणाला, "घर घोंगडीला, घोंगडी बायकूला. मला काय?" त्याला घड्याळ.

एकच अडचण होती. घोंगडीला मासळीचा तुकडा लागतो आणि वहिनी माळकरी आहेत. तेव्हा खाणे घालण्याचे काम नूरुद्दीनची बायको मुमताज करील, आणि त्याबद्दल माझी शिलाई मशीन तिला द्यावी.

५. आमच्या विभागप्रमुखांविषयी. त्यांनी घोंगडीसाठी स्पिरिटची बरणी तयार ठेवली आहे. बरणीवर लावायची नावाची चिठ्ठीही लिहिली आहे, फक्त तारीख कोरी. माझ्या आजाराचे कळल्यावर त्यांनी "टाकीचं मागे कोण बघणार?" असे दोनदा विचारले. घोंगडी जिवंत असेपर्यंत ती त्यांना देऊ नये. स्पिरिटमध्ये ती राखाडी गोळा होईल आणि ओळखीच्या सगळ्या खुणा जातील.

खुणांवरूनच आमचा वाद आहे. गालिच्यासारखी समुद्रपुष्पे तीन. एक खडकावर बसते, त्याच्या अंगाखाली रंगीत ठिपके असतात. दुसऱ्याचे तंतू लांब, निमुळते, सतत थरथरणारे. तिसरे वाळूत पाय रोवते. त्याचे तंतू आखूड, बोंडासारखे, आणि बोटाला असे चिकटतात की सोडवताना तुटून येतात. आमचे तिसरे. आकार बघून सर दुसरे म्हणतात. माझीही चूक होऊ शकते. पण निरखून बघायला मला त्यांनीच शिकवले, हे खरे आहे. म्हणून माझे चांगले भिंग त्यांना देते. त्यांनी घरी यावे, वहिनींच्या हातचा चहा घ्यावा आणि तंतूंची टोके बघावीत. घोंगडी आपल्या मरणाने गेली तर बरणी त्यांची. चिठ्ठीवर मात्र दोघांचीही मते लिहावीत.

पुरवणी. वरील मजकूर आज साक्षीदारांसमोर वाचून दाखवला. मुमताजचे नाव आले तेव्हा वहिनी मध्येच म्हणाल्या, "तिला कशाला? तिच्या मागं लेकरंबाळं. मीच घालीन."

"वहिनी, तुमच्या गळ्यात माळ आहे."

"माळ माझ्या गळ्यात हाय, वन्सं. घोंगडीच्या न्हाई."

लंकाबाई म्हणाली, "लिव्हा बाई, लिव्हा. शाई वाळंल."

म्हणून चौथ्या कलमातली अडचण आणि मुमताजचे काम रद्द समजावे. शिलाई मशीन तिला तरीही द्यावी. त्यानंतर वहिनींनी लाकडी चिमट्याने कोळंबीचा तुकडा टाकीत धरला. तंतूंनी तो घेतला, घोंगडी कडेकडेने मिटली, आणि वहिनी हळूच म्हणाल्या, "जेव बाई."

मी पुण्याहून परत आले तरी खाणे वहिनींनीच घालावे. मृत्युपत्र जिवंतपणी लागू होत नाही, हे मला माहीत आहे. हे एवढे आजपासून लागू आहे.

वाचले, पटले, सही केली.

(सही) चांगुणा सहादेव कडलग

साक्षीदार, ज्यांना या मृत्युपत्राने काही मिळत नाही:
१. (सही) छगन भीमा वर्पे, शिंपी, शेजारी
२. लंकाबाई गोरक्ष सातपुते, डाव्या हाताचा अंगठा

संगमनेर, दिनांक २७ मे १९७३