पुठ्ठ्याचं यान

५ फेब्रुवारी

फोन कोणाचा, तर ग्रंथालयातून! पुस्तक परत करायचं राहिलं असेल म्हणून आधीच माफी मागून मोकळा झालो. पलीकडची बाई हसली. म्हणाली, "काका, ‘तिसऱ्या चंद्रावर चढाई’मधलं यान तुम्हीच बांधलं होतं ना?"

एकतीस वर्षांत हे नाव कोणी माझ्यासमोर काढलं नव्हतं.

महिन्यातून एका रविवारी ही मंडळी ग्रंथालयाच्या सभागृहात जुने, स्वस्तातले, मारामारीचे अंतराळपट दाखवतात म्हणे. साठ-सत्तर माणसं येतात! येत्या रविवारी आमचा आहे. "तुम्ही आलात तर लोक वेडे होतील."

बघतो, म्हणालो. म्हणजे नाही.

६ फेब्रुवारी

लेकीनं सगळं ऐकलं होतं. "बाबा, आपण जातोय." विषय संपला.

८ फेब्रुवारी

दोन दिवस डोक्यात तेच. यान कशाचं होतं? पुठ्ठा, प्लायवूड आणि अंड्यांचे ट्रे. ट्रेंना चंदेरी रंग मारला की झाली यंत्रणा! सुकाणू म्हणजे दिग्दर्शकाच्या आईच्या शिवणयंत्राचं चाक — त्या माउलीचं शिवण तीन आठवडे अडलं. बंदुका म्हणजे सायकलचे पंप. यानातला बोळ एकच, तोही बारा फुटांचा. नायक त्यातून पाच वेळा पळतो, दर वेळी दारांच्या जागा मी बदलायच्या. पाचव्या खेपेला दम त्याला नाही, मला लागला होता!

राक्षस म्हणजे आमचा वायरमन, गादीच्या फोममध्ये शिवलेला. पाठीला ही एवढी चेन. त्याला सक्त ताकीद होती — मेलास तरी कॅमेऱ्याकडे पाठ करायची नाही. आणि नेमका मरतानाच पालथा पडला!

तिसरा चंद्र म्हणजे दगडाची खाण. कॅमेऱ्यापुढे तांबडा कागद धरायचा. वाराबिरा आला की चंद्रावर अचानक आपलं नेहमीचं ऊन.

एकटाच हसत बसलो होतो. पुढचं आज लिहीत नाही.

९ फेब्रुवारी

लिहून टाकतो. नाहीतर रविवारी तिथे बसवणार नाही.

शेवटचा दिवस. यान पेटतं, नायिका दारातून बाहेर काढलेल्या फळीवरून पळत येते आणि उडी मारते. खाली गाद्या. नायिकेच्या जागी उडी मारणार होती खारूताई. हे नाव आम्हीच ठेवलेलं, कशावरही सरसर चढायची. चोवीस वर्षांची पोर. माझ्याकडचं चांगलं लाकूड संपलं होतं. फळी मी खोक्याची लावली. नवी आणायला कोणाला तरी पाठवा म्हटलं, तर दिग्दर्शक म्हणाला, "मिस्त्री, उजेड चाललाय."

फळी मोडली. खारूताई गाद्यांच्या अलीकडे, खडीवर. बारा फूट. मांडीचं हाड दोन ठिकाणी. त्यानंतर म्हणे तिनं कधी उडी मारली नाही.

आणि पुन्हा शॉट घेणं परवडत नव्हतं म्हणून तोच ठेवला! ती पडते, लगेच नायिका धूळ झटकत उठते म्हणे.

मी तो चित्रपट कधी पाहिला नाही. खारूताईलाही त्यानंतर पाहिलेलं नाही. फळी मात्र रोज दिसते.

११ फेब्रुवारी, रविवार

चारचा खेळ. सगळ्या खुर्च्या भरलेल्या. दोघीतिघी चंदेरी कागदाच्या टोप्या घालून आलेल्या. ग्रंथपाल बाईनं उभं करून ओळख करून दिली, "यानाचे निर्माते!" टाळ्याच टाळ्या. मला जमिनीत जावंसं वाटलं.

सुरू झालं. यानाचं छोटं मॉडेल उडत आलं, वरचा दोरा स्पष्ट दिसत होता — टाळ्या! राक्षस पालथा पडला, चेन दिसली — लोक उभे राहिले! मीही हसलो. खोटं कशाला लिहू, छान वाटलं. बोळातून नायक पळायला लागल्यावर सगळे मोठ्यानं मोजत होते, एक, दोन, तीन... पाचव्याला लेक माझ्याकडे वळून म्हणाली, "ही सगळी दारं तुम्ही हलवलीत?"

मग यान पेटलं. मी डोळे घट्ट मिटून घेतले.

आणि सगळं सभागृह एका आवाजात ओरडलं — "हाऽऽत!" लगेच हशा. पोट धरधरून.

कसला हात? मला फक्त हसणं ऐकू येत होतं. एक बाई पडतेय आणि हे हसतायत! उठलो. दोघांच्या पायांवर पाय देऊन बाहेर आलो. ग्रंथपाल बाई मागोमाग धावत आली. तिच्यावरच ओरडलो, "हाड मोडलंय तिथे! खरं हाड!"

तिचा चेहरा पडला. "आम्हाला माहीत नव्हतं, काका."

लेकीला घेऊन सरळ घरी आलो.

१२ फेब्रुवारी

ग्रंथपाल बाई घरी आली होती. माफी मागितली. मीही मागितली — तिचा काय दोष?

चहा घेता घेता विचारलं, तुम्हाला आवडतं तरी काय यात? दोरे दिसतात, चेन दिसते, खाण ओळखू येते. जरा विचार करून म्हणाली, "मोठ्या चित्रपटात यान दिसलं की मला यानच दिसतं, काका. तुमच्या चित्रपटात दोरा दिसतो. मग वाटतं, कोणीतरी वर चढून तो बांधला असेल. गाठ सुटू नये म्हणून दोनदा ओढून बघितला असेल. मी त्या माणसाला हसत नाही. तो सापडला म्हणून हसते."

ती गेल्यावर बराच वेळ खिडकीत बसून होतो. आयुष्यभर आमचं काम काय, तर काम दिसू द्यायचं नाही. सांधा दिसला की लाज. खिळ्याचं डोकं दिसलं की पुट्टी लाव, रंग मार. आणि इथे लोक सांधा बघायला जमतात! आमच्याकडे पैसे नव्हते, म्हणून लपवायचं साधनही नव्हतं. पण तिसऱ्या चंद्राला आमच्यातला एकही जण खोटं म्हणत नव्हता. वायरमन फोमच्या आत घामानं निथळत, खऱ्या रागानं गुरगुरायचा. ते दिसत असणार. चेनीइतकंच ते दिसत असणार.

पण हाड ते हाड.

१३ फेब्रुवारी

लेकीनं ग्रंथपाल बाईकडून चित्रपट मागवून घेतला. "बाबा, एकदा बघा. तुम्ही डोळे मिटले होते, मी नव्हते मिटले." मी नाही म्हणालो. "पाच सेकंदं," म्हणाली.

पाहिलं.

यानाचं दार. खारूताई आत उभी, कंबर वाकवून, पळायच्या तयारीत. आणि दाराच्या कडेमागून, जिथे कोणीही असायला नको तिथून, एक हात बाहेर येतो. नुसता हात! पंजा उघडा. दोनदा जोरात हलतो. ती पळत सुटते.

लेकीनं तिथेच थांबवलं. "बोटं बघा." तर्जनी अर्धी. करवतीनं गेलेली, माझी.

यानामागच्या परांचीवर मी उभा होतो, हे आठवतं. हात काढल्याचं आठवत नाही. जराही नाही! फळीला पडलेली चीर दिसली असणार मला. थांब म्हणत होतो. तोंडानं ओरडलो का, ते कळायला मार्ग नाही — वर बदाबदा संगीत घातलंय.

वीस वेळा पाहिलं. एकतीस वर्षं मनात फळी जपून ठेवली आणि हात टाकून दिला. दुसऱ्या कोणी नीट पैसे लावून चित्रपट काढला असता तर तो शॉट कापून फेकला असता. मग हा हात जगात कुठेच नसता.

लेकीनं खांद्यावर डोकं ठेवलं. "सुटलात," म्हणाली.

१५ फेब्रुवारी

ग्रंथपाल बाईचा फोन. खारूताई सापडली! दोन तासांवरच राहते. म्हाताऱ्या माणसांना पोहायला शिकवते. "त्यांनी विचारलं, मिस्त्री अजून आहेत का?"

शनिवारी जातो म्हणून कळवलं. दाढी, कपडे, सगळं आजच ठरवून ठेवलं. लग्नाला निघाल्यासारखं!

१७ फेब्रुवारी

जाऊन आलो. केस पांढरे, चाल एका अंगावर. धीर करून हाताचं सांगितलं.

"पाहिला होता की," ती म्हणाली. "तेव्हाच. तरी पळाले. उजेड चालला होता, ते मलाही कळत होतं."

म्हणजे राग नाही? विचारलं.

"फळीचा कधीच नव्हता. चार महिने दवाखान्यात होते, मिस्त्री. वायरमन दोनदा येऊन गेला. तुम्ही एकदाही आला नाहीत. त्याचा आहे."

‘होता’ नाही म्हणाली. ‘आहे’ म्हणाली.

पुढच्या शनिवारी परत जाणार. विचारलं नाही. सांगून आलो.