शेवटच्या आधीची फेरी

प्रिय तित्सियानो,

फेब्रुवारीतल्या बर्फाच्या आठवड्याचं ठरवायला बसलेय. विल्माच्या पाहुणेघरातल्या आपल्या त्याच खोल्या मिळताहेत, वरच्या, लाकडी गॅलरीच्या. ती म्हणाली, "नीवेस, यंदा तरी पोराला आण गं, त्याच्या वाटणीचं सूप मी कुत्र्याला घालते." मी हसले. दुसरं काय करणार?

तुझे पापा तळघरात स्कीला मेण लावत बसतात. अजून नोव्हेंबर सरला नाही! तुझी बहीण त्यांना चिडवते, "पापा, इतकं घासलंत तर स्की तुम्हाला इथेच सोडून एकट्या खाली जातील." एरवी फोस्काला त्यांनी दोन शब्द सुनावले असते. हल्ली नुसते हसतात, आणि मधेच स्टुलावर टेकून दम खातात. त्यांच्या दोन पँटी मी कमरेत आत घेतल्या.

तीन हिवाळे तू आला नाहीस. त्याचं कारण मी विसरले असं समजू नकोस. त्या दुपारी रोपवेच्या रांगेत तू म्हणालास, "चला, ही शेवटची फेरी." आपल्याकडे डोंगरावर "शेवटची" हा अपशकुनी शब्द कोणी तोंडातून काढत नाही. अंधारून आलं तरी "शेवटच्या आधीची" म्हणायचं, आणि खाली आलं की गुपचूप स्की खांद्यावर टाकून घरी. नेमका त्याच फेरीत फोस्काचा पाय मोडला, आणि पापांनी सगळ्यांदेखत तुला झापलं, "तुझ्याच तोंडामुळे झालं हे!" बर्फ टणक झाला होता, बाकी काही नाही. फोस्का आता लग्नाकार्यात सगळ्यांत जास्त नाचते. तुम्ही दोघं मात्र तिथेच अडून बसलात. ते फोन करत नाहीत, तू हॅम्बुर्गहून फक्त माझ्याशी बोलतोस. मला तुमचा दोघांचाही राग येतो.

ऑक्टोबरातल्या तपासण्यांचं तुला मी "पित्ताचं काहीतरी" असं सांगितलं, कारण पापांनी शपथ घातली होती. पित्ताचं नाही रे. डॉक्टरीणबाई भली आहे. नाताळबद्दल बोलली, फेब्रुवारीत डोंगरावर खुशाल जा म्हणाली. मी एप्रिलातल्या ईस्टरचं विचारलं, तर ती खिडकी लावायला उठली. तेव्हापासून मला झोप नाही, फार भीती वाटते.

तरीही शपथ पाळून गप्प राहणार होते. पण काल खोल्या पक्क्या करायला पापांनीच विल्माला फोन लावला. मी शेजारी भांडी पुसत होते. अगदी सहज म्हणाले, "विल्मा, खोल्या चांगल्या तापवून ठेव, ही माझी शेवटची खेप." इतक्या वर्षांच्या संसारात त्यांच्या तोंडून मी हा शब्द कधी ऐकला नव्हता. फोन ठेवून माझ्याकडे वळले. "बघ, बोललो. काही मोडलं का? पोराला उगाच बोललो गं मी." एवढं म्हणून खाली गेले. मी कॉफी घेऊन गेले तेव्हा पहिल्यांदाच नीट पाहिलं. त्यांच्या स्की कोपऱ्यात धूळ खात उभ्या आहेत. इतके दिवस मेण लावताहेत ते तुझ्या स्कीला.

ये रे. आणि ऊन उतरायला लागलं की तूच त्यांना सांग, ही शेवटच्या आधीची आहे म्हणून.

वाट पाहणारी तुझीच,
आई